बाय, तू विचारलंस तो गुरू

तलासरी,
गौरी-गणपतीनंतरचा रविवार

प्रिय बाय,



तुझा निरोप बुधवारी रात्री आला. ब्राउन बेल्ट मिळाल्याचं वाचून तुझ्या मामीने आधी देवापुढे गूळ ठेवला आणि मग मला विचारलं, ब्राउन बेल्ट म्हणजे काय. काळ्याच्या आधीचा, म्हणून सांगितलं. "म्हणजे अजून एक राहिलाच," म्हणाली, पण तेव्हापासून पाड्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटली आहे.

त्याच निरोपाच्या शेवटी तू लिहिलंस की 'इप मॅन' चौथ्यांदा पाहिला, आणि खाली एक प्रश्न होता : मामा, आपल्या डहाणू-तलासरीत असा एखादा गुरू का नाही झाला? फोनवर दोन ओळींत काहीतरी लिहिता आलं असतं. हात थांबला. तू विचारलंस ते माझ्या आज्यापर्यंत, म्हणजे तुझ्या पणज्यापर्यंत जातं, आणि ते अंगठ्याने टाइप करावंसं वाटेना. म्हणून हे पत्र.

काल रात्री तुझ्यासाठी तो पिक्चर मी पुन्हा पाहिला. २००८ सालचा, दिग्दर्शक विल्सन यिप, मुख्य भूमिकेत डॉनी येन, आणि मारामाऱ्या बसवल्या आहेत सॅमो हंगने. दक्षिण चीनमधलं फोशान, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तालमीच तालमी, आपल्या कोल्हापूरची आठवण यावी अशा. इप मॅन मोठ्या घरचा, हळू बोलणारा, बायकोचा शब्द न मोडणारा. उत्तरेकडून आलेला एक आडदांड गडी सगळ्या तालमींच्या मास्तरांना लोळवून याच्या दारात येतो, आणि हा त्याला घरातल्या पिसांच्या झटकणीने गप्प करतो. तो प्रसंग तुला फार आवडतो, ठाऊक आहे. मलाही आवडतो.

मग जपानी फौज येते. घर जातं, कोळसा वाहायची पाळी येते. जपानी सेनापती चिनी पहिलवानांना आपल्या सैनिकांशी झुंजवतो आणि जिंकणाऱ्याच्या अंगावर तांदळाची पिशवी टाकतो. बाय, तिथे मी पिक्चर थांबवला. ती पिशवी बघून मला खावटी दिसली. तुमच्या पिढीला हा शब्द सरकारी योजनेतून माहीत. आज्याच्या वेळी खावटी म्हणजे पावसाळ्यात घरातला दाणा संपला की जमीनदाराच्या वाड्यावर जाऊन पदर पसरून आणलेलं धान्य. भात झालं की ते वाढवून परत करायचं, आणि ते कधीच पुरतं फिटायचं नाही. उपाशी माणसापुढे तांदूळ ठेवून त्याला नाचवायचं, हे करायला जपानी सेनापतीच लागतो असं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, तिने पिक्चर नासणार नाही. खऱ्या इप मॅनने कुठल्या सेनापतीला भर चौकात हरवलं नव्हतं. तो १८९३ साली फोशानमध्ये जन्मला, श्रीमंत घरातला होता हे खरं, आणि युद्धानंतर तिथे पोलिसात नोकरीला होता. १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली, त्या उलथापालथीत तो हाँगकाँगला गेला. पन्नाशी उलटलेली, हातात पैसा नाही. तिथे त्याचा पहिला वर्ग कुठे भरला, माहीत आहे? हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत. दिवसभर बश्या धुणारे, टेबलं पुसणारे हात संध्याकाळी त्याच्यापुढे उभे राहायचे. किशोरवयातला ब्रूस ली त्याच्याकडे आला तो त्यानंतर. १९७२ साली इप मॅन गेला, आणि मरणाच्या थोडं आधी, शरीर खंगलेलं असताना, त्याने लाकडी पुतळ्यावरचे आपले हात छोट्या कॅमेऱ्यावर टिपून घेतले. पुढच्यांना चुकीचं शिकवलं जाऊ नये म्हणून. हे सगळं मला त्या दहा जणांच्या मारामारीपेक्षा मोठं वाटतं. पण सिनेमाला चौक लागतो, गर्दी लागते, आणि मधोमध एक माणूस लागतो.

त्याची कला विंग चुन, तिची मूळ कथा तुला तुझ्या सरांनी सांगितली की नाही? दंतकथाच आहे, पण चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. यिम विंग चुन नावाची एक मुलगी. गावातला गुंड तिच्यामागे लागलेला, लग्न कर नाहीतर बघून घेतो म्हणून. एका बौद्ध भिक्षुणीने, तिचं नाव न्ग मुई, तिला आडमाप ताकदीच्या माणसाला कमी ताकदीच्या माणसाने कसं थोपवावं ते शिकवलं. जवळ जायचं, छातीच्या मधल्या रेषेवरून सरळ वार करायचा, समोरच्याचा जोर आपल्या हाताने ओळखून त्यालाच वाट करून द्यायची. त्या मुलीने गुंडाला लोळवलं आणि कलेला तिचं नाव पडलं. एवढ्या सगळ्या पुरुषांच्या मारामाऱ्यांच्या मुळाशी, मनाविरुद्धचं लग्न नाकारणारी एक पोर आहे. हे तुला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं. पण लग्नाचा धागा हातात धरून ठेव, पुढे लागेल.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना पाड्यावर व्हिडिओ यायचा. एक माणूस टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर टेम्पोत घालून आणायचा. आत बसायला रुपया, आणि तो स्वतः मागे उभा राहून पिक्चरची गोष्ट मोठ्याने मराठीत सांगायचा, कारण भाषा कुणालाच कळत नसे. त्यात एका रात्री ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्यूरी' लागला, १९७२ चा. शांघायच्या एका बागेच्या दारावर पाटी असते, कुत्र्यांना आणि चिनी माणसांना आत मज्जाव. ब्रूस ली ती पाटी लाथेने हवेतच फोडतो. आम्ही पोरं ओरडलो, शिट्ट्या मारल्या. आजा माझ्याशेजारी गोणपाटावर बसला होता. मारामारीत त्याला गोडी नव्हती, बराच वेळ पेंगतच होता. त्याने विचारलं, पाटीवर काय होतं? मी सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला. घरी परतताना बांधावर त्याने पुन्हा विचारलं, "मोडली ना पण ती?" मी म्हटलं, मोडली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुन्हा तोच प्रश्न.

मला तेव्हा कळलं नाही. आजा लहानपणी वाड्याच्या ओटीवर कधी चढला नव्हता. अंगणातच उकिडवं बसायचं. त्याचे आईबाप लग्नगडी होते. आता तो धागा घे. लग्नात आपल्याकडे सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघट देवी बसवतात. त्या लग्नाला पैसा लागायचा, पैसा जमीनदाराकडून यायचा, आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जन्मभर त्याचे गडी व्हायचे. फेडायचा हिशेब जमीनदाराच्याच वहीत, आणि वही वाचता येणारं पाड्यावर कुणी नाही. याखेरीज वेठ. बोलावणं आलं की नांगर सोडून जायचं, मजुरी काही नाही, नाही गेलं तर मार. बाईमाणसांचं काय व्हायचं ते आजीने कधी सांगितलं नाही, आणि न सांगण्यातूनच आम्हाला कळलं.

तू शाळेत गोदूताई परुळेकरांबद्दल शिकलीस. तलासरीच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, कायद्याची पदवीधर, भारत सेवक समाजाची पहिली आजीव स्त्री-सभासद. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले, त्यांत माह्या धांगडा होते. आपलं तलासरी तेव्हा उंबरगावात, १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं आणि आपण इकडे राहिलो. टिटवाळ्याहून परतलेल्यांनी गोदूताई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर यांना इकडे आणलं. गोदूताई झोपड्यांतून राहिल्या, मिळेल ते खाल्लं, आणि ते दिवस त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. १९७० साली ते आलं, १९७२ ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या कपाटात आहे, तुझ्यासाठी काढून ठेवलं आहे.

२३ मे १९४५, झरी गाव. पाऊस तोंडावर आलेला. हे महत्त्वाचं आहे, कारण लावणीला हात लागतात आणि ते हात आपले. सुमारे पाच हजार माणूस जमलं. ठरलं ते एवढंच : वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर दिवसाला बारा आणे रोख घेतल्याशिवाय राबायचं नाही. त्याने हात उगारला तर सोसायचं नाही. आणि सगळ्यांनी एक राहायचं. चार गोष्टी, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तोंडपाठ व्हाव्यात अशा. पाऊस संपायच्या आत वेठ आणि लग्नगड्याची चाल मोडून पडली. शतकभराहून जुनं जोखड काही महिन्यांत.

पिक्चरमध्ये हे असं दाखवतील : झरीच्या माळावर एक माणूस उभा राहील, त्याच्या डोळ्यांत अंगार असेल, तो मूठ आवळेल, सगळे त्याच्यामागे जातील. आता आज्याने मला सांगितलेलं ऐक. तो पंधरा-सोळा वर्षांचा, जमीनदाराची गुरं राखणारा. झरीनंतर काही दिवसांनी वाड्यावरचा माणूस वेठीची हाक द्यायला पाड्यात आला. कुणीही बाहेर आलं नाही. आणि त्या सकाळी पाड्यातल्या कुणी चूलसुद्धा पेटवली नाही, कारण धूर दिसला तर घरात माणूस आहे हे कळेल. पोरं भुकेने रडू लागली तेव्हा आयांनी त्यांची तोंडं दाबली. आज्याचा बाप कोपऱ्यात बसून थरथरत होता. हाक मारणारा शिव्या देत निघून गेला. दुपारी सगळे बाहेर आले आणि एकमेकांकडे बघत राहिले. आजा म्हणायचा, त्या दिवशी आम्ही खूप घाबरलो होतो, पण गेलो नाही.

बाय, इप मॅन भीत नाही. तो वर्षानुवर्षं तालीम केलेला माणूस, त्याला आपल्या हाताची खात्री आहे. तुझा खापरपणजा थरथरत होता आणि जागचा हलला नाही. यांतलं अवघड कुठलं, ते तू मॅटवर उभी राहतेस तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

मग ऑक्टोबर आला. पाऊस उघडला की माळावरचं गवत कापावं लागतं. वेळेवर कापलं नाही तर करपतं, आणि आपल्या जिल्ह्यातलं हे गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं, त्यावर वखारवाल्यांचा मोठा पैसा उभा होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागून लोकांनी कोयते खाली ठेवले. संपाला यापेक्षा नेमका महिना शोधून सापडला नसता. ऋतू कसा वाचायचा हे या माणसांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण जमीनदारांनीही आपला डाव टाकला. तलवाड्याला गोदूताई येणार आहेत, सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठवली. पाड्यापाड्यांतून हजारो माणसं रात्रीच निघाली. तिकडे पोलिसांना सांगितलं की आदिवासी हल्ला करायला जमत आहेत. १० ऑक्टोबरच्या रात्री गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अधूनमधून चालू राहिला. बाई येणार म्हणून लोक लाल बावट्याभोवती बसून होते, ते उठले नाहीत. पाच जण गेले. त्यांत जेठ्या गांगड.

कोयता आपल्याकडे प्रत्येकाच्या कमरेला असतो, तुला सांगायला नको. हजारो माणसं, हजारो कोयते. आणि ते आकडीतच राहिले. मी तुला कराटे सोड म्हणत नाही, उलट तू शिकतेस याचा मला अभिमान आहे. पण हात कधी उचलायचा नाही हेही तुमचे सर पहिल्या दिवशी शिकवतात ना, ते या माणसांना त्या रात्री कुणी शिकवलं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केला आहे.

पुढच्या वर्षी, १९४६ ला, जंगलकामाचा संप झाला, परुळेकर पती-पत्नीला जिल्ह्यातून तडीपार केलं, तरी लोक मागे हटले नाहीत. त्याच १९४६ साली मुंबईत शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' लागला होता. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, तेही चीनच्याच मातीत गेले, १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी. १९३८ च्या सप्टेंबरात ते आणि नागपूरचे डॉ. चोळकर भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर कँटनला उतरले, म्हणजे तुझ्या इप मॅनच्या फोशानच्या अगदी शेजारी. पुढच्याच महिन्यात तो सगळा मुलूख जपान्यांच्या ताब्यात गेला. एका मराठी डॉक्टरला चीनमधल्या जखमी माणसाचं दुःख कळलं, त्याच्यावर सुंदर चित्रपट निघाला, मुंबईने तो पाहिला. आणि थिएटरपासून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरच्या आत डहाणू. मुंबईकरांना मी दोष देत नाही. पण लांबच्या माणसाचं दुःख पडद्यावर चटकन बसतं, जवळच्याला जागा लागते.

पुन्हा 'इप मॅन'कडे येतो, कारण एक गोष्ट मला काल रात्रीपासून टोचते आहे. पिक्चरमध्ये एका सूतगिरणीत दरोडेखोर खंडणी मागायला येतात, इप मॅन कामगारांना शिकवतो आणि कामगार गिरणी वाचवतात. मालक चांगला माणूस आहे, मित्र आहे, म्हणून ते सगळं जमून येतं. शत्रू बाहेरून येतो तेव्हा गोष्ट सोपी होते. आपल्याकडे खंडणी घेणारा आणि मालक एकच होता, तो इथलाच होता, मराठी-गुजराती बोलायचा आणि महालक्ष्मीच्या जत्रेला आपल्यासारखाच जायचा. त्याच्यासमोर नाही म्हणायचं तर कुठला पवित्रा घेणार?

तरीही सूतगिरणीचा तो प्रसंग मी तीनदा पाहिला. पहिल्या दिवशी कामगारांचे हात वेडेवाकडे पडतात, मग हळूहळू एका तालात येतात, आणि एका क्षणी कॅमेरा इप मॅनला सोडून त्यांच्यावर थांबतो. अख्ख्या पिक्चरमध्ये मला झरी दिसली ती तेवढ्या क्षणात.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, २०११ साली पद्मश्री मिळालेले, त्यांचं तारप्याचं चित्र तू लहानपणी कॅलेंडरवर पाहिलंस. तारपकरी मध्ये, आणि त्याच्याभोवती माणसांची वेटोळी रांग. त्या रांगेत बोट ठेवून सांग, मोठं कोण आहे. सगळी सारख्याच मापाची. एकाच्या हातात दुसऱ्याचा हात. मोठी असते ती चौकातली पालघट, माणूस नाही. असं चित्र काढणाऱ्या लोकांना एकच गुरू कसा सापडेल? तू शोधलास तो नजरेच्या त्या सवयीने, जी पडद्याने तुला लावली. मलाही लावली होती. मी वीस वर्षं वर्गात गोदूताईंचं नाव सांगत आलो, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर रेसभरही कमी झालेला नाही, पण त्यांच्या पुस्तकाच्या नावात जागा होतो तो माणूस आहे, बाई नाहीत. हे मला फार उशिरा वाचता आलं.

आणि एक खंत आहे, ती तुझ्यापाशीच बोलतो. पाचांपैकी जेठ्या गांगड हे नाव तोंडावर येतं. बाकीच्या चौघांची नावं माझ्या वर्गातल्या पोरांना विचारली तर ती गप्प होतात. इप मॅनच्या मुलाचं नाव सांगतील. ही पोरांची चूक नाही, मास्तर मी आहे. यंदा पाचही नावं त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची, तारखा-सनावळ्यांच्या आधी, असं ठरवलं आहे.

तेव्हा तू १० ऑक्टोबरला ये. सुट्टी नसली तर काढ. तलवाड्याला जाऊ, नुसतं उभं राहू, आणि परत येताना झरीवरून येऊ. भात तेव्हा पिवळं पडायला लागलेलं असतं आणि माळावरचं गवत कमरेएवढं असतं, तेच गवत. विरारहून पहाटेची डहाणू लोकल पकड, डब्यात जागा मिळेल. मी स्टेशनबाहेर मोटारसायकल घेऊन थांबतो. बेल्ट आठवणीने आण, मामीला हातात घेऊन बघायचा आहे.

तुझा,
मामा